ग्रोव्हर्स मिलला न पडलेली उल्का आणि सह्याद्रीचा लाव्हा

३० ऑक्टोबर १९३८, रविवारची रात्र. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात भूशास्त्र शिकवणाऱ्या आर्थर बडिंग्टन आणि हॅरी हेस या दोघांना खबर मिळाली, की पाचेक मैलांवर डच नेकजवळ उल्का पडली आहे. भूशास्त्रज्ञाला याहून चांगली बातमी कुठली? दोघं आपली हत्यारं घेऊन नमुना आणायला निघाले. तिथे पोचल्यावर उल्का काही दिसली नाही. त्यांच्यासारखीच उल्का शोधत फिरणारी माणसं मात्र भेटली.

झालं होतं असं, की त्या रात्री ऑर्सन वेल्सने रेडिओवर मंगळावरून आलेल्या आक्रमकांचं नाटक सादर केलं होतं, आणि तेही बातम्यांच्या थाटात. नाटकात आकाशातून पडलेली ती वस्तू सुरुवातीला उल्का वाटते, आणि पडते ती ग्रोव्हर्स मिल नावाच्या वाडीत. ग्रोव्हर्स मिल आणि डच नेक ही दोन्ही ठिकाणं वेस्ट विंडसर टाऊनशिपमधली. आज त्या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कची गाडी पकडायला लोक ज्या प्रिन्स्टन जंक्शनला जातात, ते स्टेशनसुद्धा वेस्ट विंडसरच्याच हद्दीत येतं. व्हॅन नेस्ट पार्कमध्ये त्या न झालेल्या आक्रमणाचं स्मारक आहे, १९८८ साली बसवलेलं. (सगळा देश घाबरून रस्त्यावर आला ही कथा मात्र वर्तमानपत्रांनी बरीच फुगवलेली आहे, असं आता अभ्यासक म्हणतात.)

ज्वालामुखींवरच्या लेखात ही उल्का कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण त्या रात्री रिकाम्या हाताने परतलेल्या हॅरी हेस यांच्यापासून पुढे एक लांबलचक गोष्ट सुरू होते. त्यात खरी उल्का येते आणि खरा ज्वालामुखीही येतो. डायनोसॉर कोणी मारले, या भांडणात दोन आरोपी आहेत. एक आकाशातून आला, दुसरा जमिनीतून. जमिनीतला आरोपी म्हणजे आपला सह्याद्री. आणि त्याची जन्मवेळ काढायचं काम अलीकडे झालं ते प्रिन्स्टनमध्ये, डच नेकपासून गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर.

पण आधी ज्वालामुखी म्हणजे काय ते नीट पाहू, कारण आपल्या डोक्यातलं चित्रच अर्धवट असतं. हा शब्द ज्या देवीच्या नावाशी जोडलेला आहे, त्या कांगड्याच्या ज्वालामुखी मंदिरात जी ज्योत जळते ती जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूची. तिथे लाव्हाचा काही संबंध नाही. शाळेच्या पुस्तकातला ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर, वर खड्डा, खड्ड्यातून धूर. जपानचा फुजी तसा आहेच. पण पृथ्वीवर सगळ्यात जास्त लाव्हा ओतणारे उद्रेक असले शंकू बांधत बसत नाहीत.

दुसरा गैरसमज असा, की आपल्या पायाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे आणि भूकवचाला भोक पडलं की तो बाहेर येतो. तसं नाही. भूकवचाखालचं प्रावरण जवळपास सगळं घन आहे. गरम आहे, युगानुयुगांच्या हिशोबाने अतिशय सावकाश सरकतंही, पण घन. मग शिलारस येतो कुठून? आपल्या स्वयंपाकघरातला कुकर आठवा. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, तरी दाबामुळे उकळून जात नाही. दाब काढला की एकदम खदखदतं. खोलवरचा खडकही असाच दाबाखाली असतो, म्हणून इतका तापलेला असूनही वितळत नाही. तो वर सरकू लागला, वरचा दाब कमी झाला, की त्याचा काही भाग वितळतो. हा एक मार्ग. दुसरा मार्ग पाण्याचा. समुद्रतळाची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली घुसते तेव्हा ती आपल्यासोबत पाणी नेते. पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. इंडोनेशिया, जपान आणि आपल्या अंदमानातलं बॅरन बेट, म्हणजे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, हे सगळे या दुसऱ्या प्रकारचे.

उद्रेक शांत होणार की स्फोटक, हे शिलारस किती घट्ट आहे आणि त्यात वायू किती आहे यावर ठरतं. कढी उकळते तेव्हा बुडबुडे निमूट वर येऊन फुटतात. पिठलं रटरटायला लागलं की मात्र हातावर चटके बसतात, कारण घट्टपणामुळे बुडबुडा अडकतो आणि मग जोराने फुटतो. सिलिका जास्त असलेला शिलारस पिठल्यासारखा असतो. १८८३ चा क्राकाटोआ, १९९१ चा पिनाटुबो ही त्याची उदाहरणं. बेसाल्टचा शिलारस कढीसारखा पातळ. तो बहुतेक वेळा स्फोट न करता वाहतो, आणि लांबच लांब वाहतो.

आता महाराष्ट्राकडे या. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ म्हणजे हाच बेसाल्ट. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दिसतो. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी जे खोल छिद्र पाडलं, तिथे सुमारे ९३० मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खालचा जुना ग्रॅनाइट लागला. किल्लारीला तोच ३३८ मीटरवर लागला. अजिंठा, वेरूळ, कार्ले, घारापुरी या सगळ्या लेण्या या थिजलेल्या लाव्हात कोरलेल्या. आणि एवढा लाव्हा असून फुजीसारखा एकही शंकू नाही. लाव्हा आला तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून. एक थर पसरला, थंड झाला, काही काळ गेला, मग त्याच्यावर दुसरा. पुढे पावसाने आणि नद्यांनी हे थर कापले आणि डोंगराला पायऱ्या पडल्या. पायरीला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरून अशा खडकाला ‘ट्रॅप’ म्हणू लागले. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३० च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी दख्खनच्या भूशास्त्रावर लिहिलं, तेव्हा आपल्या या पायऱ्या युरोपीय विद्वानांच्या नजरेत आल्या. आपल्याकडच्या किल्लेदारांना त्या आधीपासूनच चांगल्या ठाऊक होत्या. कातळकडा कुठे ताशीव आहे आणि कुठे माची काढता येते, हे त्यांना भूशास्त्राशिवाय कळत होतं.

महाराष्ट्रात ज्वालामुखीच्या तोंडासारखं दिसणारं एक ठिकाण आहे, ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, काठ उंचावलेला, तळाशी खारं पाणी. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीय खडक. त्यामुळे तो ज्वालामुखीच असणार, असं कितीतरी वर्षं मानलं गेलं. १९७३ साली ‘सायन्स’मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध आला. प्रचंड आघात झाल्याशिवाय खनिजांमध्ये जे बदल होत नाहीत, ते लोणारच्या खडकात सापडले होते. म्हणजे लोणार हे अशनीच्या आघाताचं विवर. आपल्याकडे जिथे खड्डा आहे तिथे ज्वालामुखी नाही, आणि जिथे ज्वालामुखी झाला तिथे खड्डा नाही. रूपावरून ओळखायला गेलात तर फसाल.

आता पुन्हा हेस. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिकमध्ये ‘केप जॉन्सन’ या नौदलाच्या जहाजावर होते, आणि खोली मोजणारं यंत्र त्यांनी प्रवासभर चालू ठेवलं. समुद्राखाली त्यांना सपाट माथ्याचे बुडालेले ज्वालामुखी सापडत गेले. त्यांना त्यांनी नाव दिलं ‘गियो’, प्रिन्स्टनमधले पहिले भूशास्त्राचे प्राध्यापक आर्नोल्ड गियो यांच्या नावावरून. १९६२ साली हेस यांनी मांडलं, की समुद्राच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगांमधून नवा शिलारस सतत वर येतो आणि समुद्रतळ दोन्ही बाजूंना सरकत जातो. स्वतःच्या या निबंधाला त्यांनी शास्त्र कमी आणि काव्य जास्त म्हटलं होतं. पण भूपट्ट-सिद्धान्ताचा पाया त्यातूनच घातला गेला.

त्याच विभागातले जेसन मॉर्गन यांनी १९७१ साली आणखी एक कल्पना पुढे आणली. प्लेट्सच्या कडांपासून दूर, मधोमधच ज्वालामुखी का असतात? हवाई बेटं, रियुनियन बेट? मॉर्गन म्हणाले, प्रावरणात खोलवरून गरम खडकाचे खांब वर येत असावेत. खांब जागच्या जागी राहतो, वरून प्लेट सरकत जाते, आणि प्लेटवर ज्वालामुखींची ओळ उमटते. १९८१ मध्ये त्यांनी ही ओळ दख्खनपर्यंत आणली. नकाशा उघडून पाहा. रियुनियनहून उत्तरेकडे मॉरिशस, मग चागोस, मालदीव, लक्षद्वीप आणि शेवटी आपलं पठार. भारताचं भूखंड आशियाला धडकण्याआधी हिंदी महासागरातून वेगाने उत्तरेकडे येत होतं. वाटेत ते या खांबाच्या डोक्यावरून गेलं आणि दख्खनचा पूर आला, असं हे चित्र. रियुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे. हे सगळ्यांना पटलेलं आहे असं समजू नका. पवईच्या आयआयटीतले हेतु शेठ यांनी दख्खनच्या बाबतीत असा खांब मानायला पुरावा नाही, असं बरंच लिहून ठेवलंय, आणि ते आक्षेप हलक्यात घेण्याजोगे नाहीत.

हेस यांच्या कॅरिबियन संशोधन प्रकल्पात वॉल्टर अल्वारेझ नावाचा एक विद्यार्थी होता. १९६७ साली त्याने प्रिन्स्टनहून डॉक्टरेट घेतली. पुढे इटलीतल्या गुब्बिओ इथे त्याला चुनखडकात सेंटिमीटरभर जाडीचा मातीचा एक थर भेटला. या थराच्या खाली क्रेटेशियस काळ, वर त्यानंतरचा. डायनोसॉर संपतात ती ही रेघ. वडील लुईस अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत तपासणी केली, तेव्हा त्या मातीत इरिडियम नेहमीच्या तीसपट निघालं. इरिडियम भूकवचात दुर्मीळ, अवकाशातल्या खडकांत भरपूर. १९८० साली त्यांनी जाहीर केलं, की दहाएक किलोमीटरचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला आणि त्यात डायनोसॉर गेले. १९९१ मध्ये मेक्सिकोत चिक्शुलूबचं जमिनीखाली गाडलेलं, सुमारे १८० किलोमीटरचं विवर ओळखलं गेलं. म्हणजे डच नेकला जी उल्का हेस यांना मिळाली नाही, ती बेचाळीस वर्षांनी त्यांच्या विद्यार्थ्याने शोधून काढली. हेस १९६९ मध्येच गेले होते.

खटला इथेच निकालात निघायचा. पण दख्खनचं काय? अमेरिकेत ड्यूई मॅकलीन आणि फ्रान्समध्ये व्हिन्सेंट कूर्तियो हे सांगतच होते, की दख्खनचा लाव्हा नेमका त्याच सुमाराला वाहत होता. १९८४ साली प्रिन्स्टनला गेर्टा केलर आल्या. त्यांचा विषय फोरॅमिनिफेरा, म्हणजे समुद्रातले कवचधारी सूक्ष्मजीव. त्या म्हणू लागल्या, की हे जीव एका दिवसात नाही, हळूहळू खालावत गेलेत, आणि त्याचा दोष दख्खनकडे जातो. राजमहेंद्रीजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्री गाळाचा थर सापडतो, तिथे त्यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर काम केलं. हा लाव्हा सह्याद्रीकडून हजारेक किलोमीटर वाहत तिथे पोचला असं मानतात. तो वाटेतच का थिजला नाही? पातळ लाव्हावर आधी कातडं धरतं, दुधावर साय धरते तसं. ते उष्णता आत धरून ठेवतं, आणि त्याच्या खालून ताजा लाव्हा पुढे सरकत राहतो.

केलर यांना बहुसंख्यांचा विरोध झाला, आणि भांडण शास्त्रीय मर्यादेत राहिलं असंही नाही. २०१० मध्ये ४१ शास्त्रज्ञांनी मिळून ‘सायन्स’मध्ये लेख लिहून लघुग्रहाच्या बाजूने कौल दिला. मला विचाराल तर सह्या मोजून असे प्रश्न सुटत नसतात. इथे प्रश्न एकच होता आणि तो अगदी साधा होता. दख्खनचा लाव्हा उल्केच्या आधी आला, बरोबर आला की नंतर? त्यासाठी लाव्हाची तारीख हवी. आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या घटनेची तारीख काही हजार वर्षांच्या अचूकतेने काढणं महाकठीण.

हे काम प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातात घेतलं. केलर त्यात होत्या, एमआयटीचे सॅम्युअल बोरिंग होते, आणि अमरावती विद्यापीठातले सय्यद खद्री होते. त्यांना हवा होता झिरकॉन नावाचा बारीकसा स्फटिक. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचं आपोआप शिसं होत जातं, ठरलेल्या वेगाने. युरेनियम-२३८ अर्धं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे स्फटिकात आज किती शिसं साठलंय ते मोजलं, की तो कधी जन्मला ते कळतं. अडचण अशी की बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळतच नाही. पण घाटात गाडी चालवताना काळ्या कातळात मधूनच लाल मातीचा आडवा पट्टा दिसतो ना? दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात जमिनीची जी माती झाली, ती ही. तिच्यावर कधी कधी दूरच्या स्फोटक ज्वालामुखीची राख येऊन पडलेली असते, आणि त्या राखेत झिरकॉन असतात. संशोधकांनी सह्याद्रीतले असे पट्टे खणले, पोती भरली, आणि स्फटिक वेचून त्यांची वयं काढली.

२०१५ साली निकाल आला. मुख्य उद्रेक प्राणिनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला, आणि साडेसात लाख वर्षांत ११ लाख घन किलोमीटरहून जास्त लाव्हा ओतला गेला. या आकड्याचा अंदाज यावा म्हणून आइसलंडचा लाकी घ्या. १७८३ मध्ये तिथे २७ किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला. त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी युरोपवर धुकं पसरलं, गवत विषारी झालं, जनावरं मेली, आणि आइसलंडची पाचवा हिस्सा तरी माणसं दुष्काळात गेली. दख्खनचा हिशोब मांडला तर सरासरी दर दहा वर्षांनी एक लाकी येतो, आणि हे साडेसात लाख वर्षं. प्रत्यक्षात तो इतका सारखा वाहिला नाही. मोठमोठे पूर आले आणि मधे दीर्घ शांतता होती. ते लाल पट्टे त्याच शांततेचे. लाव्हा स्वतः जिथे पोचतो तिथलंच जाळतो. जगाला त्रास होतो तो वायूंचा. गंधकाचे वायू काही वर्षं हवा थंड करतात आणि आम्लाचा पाऊस पाडतात, तर कार्बन डायऑक्साइड हजारो वर्षं उष्णता वाढवतो आणि समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकवतो. म्हणून किती लाव्हा आला याच्याइतकंच तो किती घाईने आला हे महत्त्वाचं.

न्यू जर्सीत राहत असाल तर हे सगळं दूरचं समजू नका. प्रिन्स्टनच्या उत्तरेला रॉकी हिलचा काळा खडक, हडसनकाठचे पॅलिसेड्स, वॉचंगच्या टेकड्या, सगळं २० कोटी १० लाख वर्षांपूर्वीच्या अशाच एका पुराचं. वॉचंगचा लाव्हा जमिनीवर वाहिला, रॉकी हिल आणि पॅलिसेड्सचा शिलारस जमिनीखालीच थिजला. तेव्हा अटलांटिक महासागर उघडू पाहत होता. त्या पुराच्या वेळीही असंख्य जीव नाहीसे झाले, आणि त्यानंतरच डायनोसॉरांना पृथ्वी मोकळी मिळाली. किंग्स्टनच्या खाणीतून रस्त्यांसाठी जी खडी निघते तिला तिथले लोक आजही ट्रॅप रॉकच म्हणतात.

२२ फेब्रुवारी २०१९ च्या ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी छापून आले. एक प्रिन्स्टनचा, झिरकॉनवाला. दुसरा बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी झिरकॉन नाही, लाव्हातलाच आर्गॉन वायू मोजला होता. प्रिन्स्टनच्या मते दख्खनमध्ये चार मोठे उमाळे आले, आणि त्यातला एक उल्का पडण्याच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला होता. बर्कलीच्या मते असे वेगळे उमाळे दिसत नाहीत, आणि सुमारे ७५ टक्के लाव्हा उल्का पडल्यानंतरचा आहे. पहिला निबंध वाचला तर दख्खन सहआरोपी ठरतो. दुसऱ्यात हवामान बिघडलं तेव्हा लाव्हा फारसा आलेलाच नव्हता.

ज्या थरांवरून हे भांडण आहे त्यांची नावं आपल्या ओळखीची आहेत. कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी १९८५ मध्ये महाबळेश्वरच्या बाजूचा लाव्हा रासायनिक गुणांवरून विभागला आणि विभागांना जवळच्या जागांची नावं दिली. खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. त्याच्याही खाली बुशे, खंडाळा, भीमाशंकर, ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी, जव्हार. बर्कलीवाल्यांच्या मते उल्का पडली ती बुशे संपून पोलादपूर सुरू होण्याच्या आसपास. प्रिन्स्टनवाल्यांच्या मते पोलादपूरचा उमाळा तेव्हा आधीच सुरू झालेला होता.

तुम्ही पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाला बगल देत महाबळेश्वरला चढलात, तर तासा-दीड तासात यातल्या वरच्या थरांवरून जाता. गुब्बिओसारखी इरिडियमची रेघ त्या घाटात अजून कोणाला मिळालेली नाही. भारतात कच्छमधल्या अंजारला ती सापडल्याचं सांगितलं जातं. घाटात मिळतात ते लाल पट्टे, आणि ज्या पट्ट्यांत राख आहे तेवढ्याच ठिकाणी झिरकॉनवरून तारीख लागते. मधल्या कातळाची तारीख वरच्या आणि खालच्या पट्ट्यांवरून अंदाजाने भरावी लागते. दोन्ही गटांची आकडेमोड वेगळी पडते त्यात या अंदाजाचा वाटा मोठा आहे.